लिंकनची झोपडी : अस्सल की नक्कल?

मागच्या वर्षीची गोष्ट. शिक्षक दिन आठ दिवसांवर आला होता आणि आमच्या मुलीच्या वाट्याला शाळेत लिंकनच्या पत्राचे वाचन आले होते. कोणते पत्र ते वेगळे सांगायला नको. लिंकनने आपल्या मुलाच्या मुख्याध्यापकांना लिहिलेले म्हणून जे आपल्याकडे शाळांच्या भिंतींवर, नाहीतर स्टाफरूमच्या कपाटावर चिकटवलेले असते, तेच. वसंत बापटांनी त्याचा मराठी अनुवाद इतका सुरेख केला आहे की माझ्या पिढीतल्या पुष्कळांना तो अजून अर्धाअधिक पाठ असेल. मीही सातवीत असताना तो म्हटला होता आणि स्टीलचा एक डबा बक्षीस मिळवला होता. तो डबा अजून आईच्या स्वयंपाकघरात आहे, मोहरीचा.

"पप्पा, सुरुवातीला दोन ओळी माहिती सांगायची आहे. हे पत्र कुठल्या साली लिहिलं ते बघून द्या ना."

बघून देतो म्हटले आणि तिथेच फसलो. लिंकनचे समग्र लेखन १९५३ ते १९५५ या काळात आठ खंडांत छापले गेले. त्याच्या हातच्या चिठ्ठ्याचपाट्यासुद्धा त्यात घेतलेल्या आहेत. पण हे पत्र त्यात नाही. मूळ हस्तलिखित नाही, तारीख नाही, मुख्याध्यापकाचे नाव नाही. अभ्यासक ते लिंकनचे मानतच नाहीत.

आता माझी पंचाईत अशी की मी सरकारी कारकून. अर्धे आयुष्य मूळ कागद आणि नक्कल शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहण्यात गेले. साहेबांची 'ट्रू कॉपी'च्या शिक्क्यावर सही होण्याआधी खाली कोपऱ्यात ज्याची बारीक आद्याक्षरे असतात ना, तो मी. मूळ पाहिल्याशिवाय ती आद्याक्षरे टाकायची नाहीत एवढे एकच व्रत मी नोकरीत पाळले आहे. मुलीला म्हटले, बाय, दोन दिवस थांब. आणि त्या दोन दिवसांत लिंकनविषयी जे जे हाती लागले ते वाचत सुटलो. त्यात भेटली ती त्याची झोपडी. पत्राची गोष्ट तिच्यापुढे किरकोळ वाटावी अशी तिची हकीकत आहे. तीच आज सांगायची आहे.

लाकडाच्या झोपडीत जन्मलेला मुलगा पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला, हे वाक्य आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेले आहे. वाक्य खरे आहे. अब्राहम लिंकनचा जन्म १२ फेब्रुवारी १८०९ चा, केंटकी राज्यात हॉजेनव्हिल गावाजवळचा. बाप थॉमस, आई नॅन्सी. थॉमसने १८०८ च्या डिसेंबरात सुमारे ३०० एकरांची ही जमीन २०० डॉलरला घेतली होती. शेताला नाव पडले ते तिथल्या झऱ्यावरून. खडकाच्या कपारीत पाणी वरून झिरपते आणि खाली जमिनीत गडप होते, म्हणून 'सिंकिंग स्प्रिंग'.

झोपडी म्हणजे आपल्याकडची माडाच्या झावळ्यांची खोप डोळ्यांसमोर आणू नका. झाडाचे बुंधे तोडून, टोकांना खाचा पाडून, चौकोनात एकावर एक आडवे रचायचे. खाचेत खाच बसली की कोपरा घट्ट होतो, खिळा लागत नाही. ओंडक्यांमधल्या फटींत लाकडाच्या ढलप्या, दगडाच्या कपच्या, चिखल भरायचा. एक खोली, खाली माती, एक दार, एखादी खिडकी, एका बाजूला चूल कम शेगडी आणि तिचे धुराडे. ही पद्धत अमेरिकेत आणली ती १६३८ पासून डेलावेअर नदीच्या काठी वसलेल्या स्वीडिश आणि फिनिश लोकांनी असे मानतात. पुढे जंगल तोडत पश्चिमेकडे सरकणाऱ्या सगळ्याच वसाहतवाल्यांनी ती उचलली, कारण हाताशी कुऱ्हाड आणि भोवती झाडे एवढेच भांडवल पुरत असे. चार शेजारी हाताला आले की काही दिवसांत घर उभे! आणि जितक्या लवकर उभे, तितक्याच लवकर ते सोडूनही जायचे. ही घरे टिकवण्यासाठी बांधलेलीच नव्हती. सोडून गेल्यावर कोणी त्यांचे ओंडके गोठ्याला वापरी, कोणी सरपणाला.

लिंकन कुटुंबानेही ती सोडली. अब्राहम दोन वर्षांचा असताना, १८११ साली. कारण वाचून मी चमकलो, कारण आमच्या कचेरीत रोज दिसणारे ते कारण आहे. जमिनीचे कागद साफ नव्हते! केंटकीत तेव्हा सरकारी मोजणी नव्हती. ज्याने त्याने आपली हद्द आपण सांगायची : अमक्या ओकपासून तमक्या ओहोळापर्यंत, तिथून इतके पोल पूर्वेला. एकाच जमिनीवर दोघातिघांचे दावे कौलांसारखे एकावर एक चढलेले. थॉमसच्या जमिनीवर आधीच्या मालकाचा जुना बोजा निघाला. तिथून सुमारे दहा मैलांवर नॉब क्रीक येथे दुसरे शेत खंडाने घेतले, तिथेही मालकीचा वाद लागला. अखेर १८१६ च्या डिसेंबरात हे कुटुंब केंटकी सोडून इंडियानात गेले, जिथे सरकारने चौकोन आखून मोजलेली जमीन मिळत होती. लिंकनने पुढे १८६० मध्ये स्वतःची छोटी हकीकत लिहून दिली आहे. तीत तो स्थलांतराचे कारण देतो ते असे, की काही अंशी गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः केंटकीतल्या जमिनीच्या मालकीच्या भानगडींमुळे. आपल्याकडे कोमुनिदादीच्या आणि मुंडकारांच्या खटल्यांत आयुष्ये गेलेल्या माणसांना हे वाक्य समजावून सांगावे लागणार नाही.

तेव्हा १८११ नंतर त्या झोपडीत लिंकन नव्हते. ती जपावी असे कोणाला वाटण्याचे कारणही नव्हते. लिंकन राष्ट्राध्यक्ष झाला तो १८६१ साली, त्याचा खून झाला १८६५ साली. तोवर पन्नासहून अधिक वर्षे गेली होती.

पण मधल्या काळात एक वेगळीच गोष्ट घडली होती. १८४० च्या निवडणुकीत विल्यम हेन्री हॅरिसन या उमेदवाराची विरोधी वर्तमानपत्राने टर उडवली, की याला सायडरचे पिंप द्या, हा आपल्या ओंडक्यांच्या झोपडीत सुखाने बसून राहील. हॅरिसनच्या पक्षाने ती टर उचलून धरली आणि मिरवणुकांतून चाकांवरच्या झोपड्या ओढत नेल्या. हॅरिसन प्रत्यक्षात जन्मला होता व्हर्जिनियातल्या मळेवाल्या घराण्याच्या विटांच्या वाड्यात! तरीही तो निवडून आला. (आणि महिन्याभरात वारला, पण ते असो.) त्या निवडणुकीत त्याचा प्रचार करत हिंडणाऱ्यांत इलिनॉयचा एक तरुण वकील होता, अब्राहम लिंकन. झोपडी म्हणजे गरिबी आणि प्रामाणिकपणा हे समीकरण त्याच्या आधीच बाजारात आले होते. लिंकनच्या बाबतीत ते खरे होते, एवढाच फरक.

आता १८९४ सालाकडे येऊ. न्यूयॉर्कमध्ये आल्फ्रेड डेनेट नावाचा एक खानावळवाला होता. त्याच्या मालकीची बरीच उपाहारगृहे होती. धार्मिक वृत्तीचा, पण व्यवहारही सुटलेला नव्हता. त्याने लिंकनच्या जन्माची ती जमीन विकत घेतली. लोक पाहायला येतील ही कल्पना. पण पाहायला काय? जागेवर झोपडी नव्हती. तेव्हा त्याच्या प्रतिनिधीने शेजारच्या जॉन डेव्हनपोर्टच्या शेतावरचे एक दुमजली ओंडक्यांचे घर १८९५ मध्ये विकत घेतले. लिंकनच्या झोपडीचे ओंडके या घराला वापरले होते, असे गावात बोलले जाई. ते घर उतरवले, त्यातून एक खोलीची झोपडी रचली, झऱ्याजवळ उभी केली आणि फोटो काढले. झाली लिंकनची झोपडी.

आडगावात पाहणारे फारसे आले नाहीत. मग डेनेटने झोपडीच लोकांकडे न्यायला सुरुवात केली. १८९७ मध्ये नॅशव्हिलच्या शतसांवत्सरिक प्रदर्शनात ती मांडली. जोडीला आणखी एक झोपडी होती, जेफरसन डेव्हिसच्या जन्माची म्हणून. डेव्हिस म्हणजे यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेचा अध्यक्ष, लिंकनचा प्रतिस्पर्धी. योगायोग असा की तोही केंटकीतच जन्मलेला, लिंकनच्या आठच महिने आधी. १९०१ मध्ये दोन्ही झोपड्या बफेलोच्या प्रदर्शनात गेल्या (याच प्रदर्शनात राष्ट्राध्यक्ष मॅकिन्लीवर गोळ्या झाडल्या गेल्या). तिथून कोनी आयलंडच्या जत्रेकडे. उतरवायच्या, बांधून न्यायच्या, पुन्हा रचायच्या, असे चालले होते. या धबडग्यात दोन्ही झोपड्यांचे ओंडके एकमेकांत मिसळून गेले! ज्या दोघांच्या बाजूंनी सहा लाखांवर माणसे एकमेकांशी लढून आणि रोगराईने मेली, त्या दोघांच्या नावाची लाकडे एका ढिगात. नाटककाराने असे लिहिले तर आपण त्याला अतिरंजित म्हणू. शेवटी हा सगळा ढीग न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर एका जुन्या वाड्याच्या तळघरात जाऊन पडला.

डेनेटचे दिवाळे निघाले. १९०५ मध्ये हॉजेनव्हिलच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर त्या शेताचा लिलाव झाला आणि रॉबर्ट कॉलियर या साप्ताहिकाच्या मालकाने ते ३,६०० डॉलरला घेतले. त्याचा हेतू मात्र प्रांजळ होता, असे माझे मत आहे. त्याने ते स्वतःसाठी ठेवले नाही. पुढच्या वर्षी 'लिंकन फार्म असोसिएशन' स्थापन झाली, तीत मार्क ट्वेन होता, लिंकनची चरित्रकार आयडा टार्बेल होती. साप्ताहिकातून देशाला आवाहन केले गेले. मोठ्या धनिकाकडून एकरकमी देणगी न घेता थोडे थोडे पैसे गोळा करायचे ठरले, अगदी २५ सेंटसुद्धा. लाखाच्या आसपास माणसांनी पैसे दिले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर जमले. त्यांत शाळकरी मुलेही होती. ज्याने २५ सेंट दिले त्याने ते लाकडाच्या खरेपणासाठी दिले नव्हते, हे मला मान्य आहे. पण ते खरे आहे असे त्याला सांगितले गेले होते, हेही विसरता येत नाही.

असोसिएशनने तळघरातले ओंडके १,००० डॉलरला विकत घेतले आणि १९०६ मध्ये आगगाडीच्या सजवलेल्या उघड्या डब्यातून, सैनिकांच्या पहाऱ्यात, न्यूयॉर्कहून केंटकीतल्या लुईव्हिलला नेले. वाटेतल्या स्टेशनांवर लोकांनी गर्दी केली.

आता कारकुनी प्रश्न : पुरावा काय? असोसिएशननेही तो प्रश्न विचारला होता, नाही असे नाही. हॉजेनव्हिलच्या म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रे घेतली गेली. ९७ वर्षांपूर्वीच्या घराबद्दल! साहजिकच सांगणाऱ्यांनी सांगितले ते बापाकडून, आजाकडून ऐकलेले. प्रतिज्ञापत्र या वस्तूबद्दल माझे अनुभवाने बनलेले एक मत आहे. माणूस खोटे बोलतो असे नाही. पण लिहून घेणारा टेबलापलीकडे आशेने बसलेला असला की समोरच्याची आठवण हळूहळू त्याच्या बाजूला कलते. मी स्वतः अशी प्रतिज्ञापत्रे लिहून घेतली आहेत.

१२ फेब्रुवारी १९०९ ला, लिंकनच्या जन्माला शंभर वर्षे झाली त्या दिवशी, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने स्मारकाची कोनशिला बसवली. वास्तुरचनाकार होता जॉन रसेल पोप. त्याने ग्रॅनाइट आणि संगमरवराचे ग्रीक पद्धतीचे देऊळच बांधले. वर चढायला ५६ पायऱ्या, लिंकनच्या आयुष्याच्या वर्षांइतक्या. ९ नोव्हेंबर १९११ रोजी राष्ट्राध्यक्ष टाफ्टने त्याचे उद्घाटन केले. वॉशिंग्टनमधले प्रसिद्ध लिंकन स्मारक १९२२ चे, म्हणजे हे त्याच्या अकरा वर्षे आधीचे. १९१६ मध्ये ते केंद्र सरकारकडे गेले आणि १९३३ पासून तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे.

झोपडी देवळाच्या गाभाऱ्यात रचली. आणि तिथे आणखी एक गोष्ट झाली. झोपडी होती १६ फूट बाय १८ फूट. तेवढी मावली असती, पण भोवती फिरायला लोकांना जागा अपुरी पडली असती. म्हणून ओंडके कापून ती १२ बाय १७ केली! खरे सांगू? मला ओंडके दुसऱ्याच घराचे होते याचा तितका राग येत नाही, जितका या कापाकापीचा येतो. पहिली चूक भाबडेपणाची म्हणता येईल. पण ज्यांना ती झोपडी लिंकनचीच वाटत होती, त्यांनीच प्रदक्षिणेच्या सोयीसाठी तिच्यावर करवत चालवावी? ज्या वस्तूसाठी देऊळ बांधले तीच देवळाच्या मापाची करून घेतली.

यावर पहिला मोठा घाव घातला तो १९४८ मध्ये रॉय हेज या गृहस्थाने. हा इतिहासाचा प्राध्यापक नव्हता. विम्याच्या दाव्यांची चौकशी करणे हा त्याचा व्यवसाय. लिंकनविषयक एका त्रैमासिकात त्याने झोपडीच्या खरेपणाविषयी लेख लिहिला आणि जमिनीचे व्यवहार, जबान्या, जुन्या नोंदी ताडून दाखवले, की या ओंडक्यांचा माग लिंकनपर्यंत पोचतच नाही. वाचताना मला आमच्या खात्यातला कोणी तरी जिंकल्यासारखा आनंद झाला! उद्यान सेवेने त्यानंतर भाषा बदलली. आधी 'जन्मझोपडी' होती ती 'परंपरेने मानलेली झोपडी' झाली आणि पुढे 'प्रतीकात्मक जन्मझोपडी'.

शेवटची साक्ष २००४ मध्ये लाकडानेच दिली. झाड दरवर्षी एक वलय धरते, पाऊसपाणी चांगले असेल त्या वर्षी रुंद, दुष्काळी वर्षी अरुंद. त्या भागातल्या झाडांच्या वलयांचा क्रम वर्षवार माहीत असला की जुन्या लाकडातला रुंद-अरुंदाचा क्रम त्याच्याशी जुळवून झाड कधी तोडले ते काढता येते. आमच्या ताडून पाहण्यासारखेच हे. झोपडीच्या ओंडक्यांची अशी तपासणी केली तेव्हा सगळ्यात जुना ओंडका निघाला १८४८ चा. १८४८ साली लिंकन ३९ वर्षांचा होता आणि वॉशिंग्टनला लोकप्रतिनिधी म्हणून काँग्रेसमध्ये बसत होता. ज्या झाडाखाली तो जन्मल्याचे लोक मानत होते ते तेव्हा केंटकीत कुठे तरी नुकते आडवे होत होते.

झोपडी काढून टाकलेली नाही. तिच्यापुढे 'प्रतीकात्मक' हा शब्द उभा केला आहे. सरकारी खात्याने आपली चूक अशी पाटीवर कबूल करणे ही लहान गोष्ट नाही, हे आतला माणूस म्हणून सांगतो. पण दरवाजावरच्या दगडात १९११ ची अक्षरे तशीच आहेत, आणि ती सांगतात की लिंकन ज्या झोपडीत जन्मला तिच्यावर हे स्मारक उभारले आहे. कागदावरची चूक लाल शाईने खोडून शेजारी सही करता येते. ग्रॅनाइटचे काय करणार? पायऱ्या चढून येणाऱ्या माणसाने दगडाचे ऐकायचे की पाटीचे?

आणि यात सगळ्यात चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की खरी साक्षीदार वस्तू तिथे होती. झोपडीच्या जागेपासून दीडशे यार्डांच्या आत एक पांढरा ओक होता. १८०५ च्या मोजणीत शेताची हद्द दाखवणारे झाड म्हणून त्याची नोंद आहे, लिंकनच्या जन्माच्या चार वर्षे आधीची, कागदावर! जमिनीच्या ज्या भानगडीने ते कुटुंब देशोधडीला लागले, तिच्या कागदांतच हा पुरावा सापडतो. 'हद्दीचा ओक' असेच त्याचे नाव होते. देवळाबाहेर, उन्हापावसात, तो १९७६ पर्यंत जिवंत होता. मग वठला. झरा मात्र अजून आहे, पाणी झिरपते आणि गडप होते.

इकडे मुलगी रुसली होती. तिचे म्हणणे, सगळे पाठ झालेय, आता हे तुम्ही मला कशाला सांगितले? बाईंना काय सांगू? बायको म्हणाली, लेकीचा कार्यक्रम आहे, तुमची कचेरी नाही. दोघींचेही बरोबर होते. मी तिला झोपडीची गोष्ट सांगितली, १८४८ सालासकट. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वहीत आधी लिहिलेले 'अब्राहम लिंकन यांनी लिहिलेले पत्र' खोडून तिने लिहिले, 'अब्राहम लिंकन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेले आणि कवी वसंत बापट यांनी मराठीत आणलेले पत्र'. साल लिहिलेच नाही. शिक्षक दिनाला तिने तेच सांगितले. कोणाच्या लक्षात आले असेल असे वाटत नाही, टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या.

घरी आल्यावर तिने विचारले, लिंकनला स्वतःला हे कळले असते तर? याला उत्तर आहे, म्हणजे जवळजवळ आहे. १८६० च्या मे महिन्यात इलिनॉयमधल्या डिकेटर येथे पक्षाचे अधिवेशन भरले होते. तिथे लिंकनचा नातलग जॉन हँक्स कुंपणाचे दोन खांब खांद्यावर घेऊन मांडवात आला. १८३० साली लिंकनने स्वतः कुऱ्हाडीने फोडलेल्या लाकडांतले हे दोन, असा फलक त्यांवर होता. मांडव दणाणून गेला. लोकांनी लिंकनला बोलायला उभे केले. तो लाकडांकडे पाहून म्हणाला, की नेमकी हीच मी फोडलेली का, ते मला सांगता येणार नाही. पण लाकडे मी पुष्कळ फोडली आहेत, आणि याहून चांगली.